बिनबोटांची भाकर

माझ्या बापाची गोष्ट माझ्यासमोर चुकीची सांगायची हिंमत आजवर दोघांनीच केली. एक माझी माय, आणि दुसरा गेल्या वर्षी आमच्या देवळाच्या वर्धापनदिनाला आलेला तो पोरसवदा पाळक. मायला मी माफ केलं, कारण तिच्याशी भांडून जिंकलेला माणूस परभणी जिल्ह्यात जन्मलाच नव्हता. त्या पोराला मात्र अजून केलेलं नाही. हातात माईक, गळ्यात टाय, आणि सांगतो काय, तर, "या गावच्या पाळकांनी एका महारोगी भगिनीच्या हातची भाकर मंडळीला दिली, आणि त्यांच्या विश्वासाच्या बळावर मंडळीनं ती खाल्ली." टाळ्या! मी प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठले आणि ओरडले, "खोटं हाय!" लाऊडस्पीकरसुद्धा दचकून शिटी मारायला लागला. सुनेनं माझा पदर ओढला. "बसा ना आई, तुमचं झालं का सुरू?" सगळा मांडव हसला. कारण मी फुगवून सांगते, हे बोरीपासून जिंतूरपर्यंत कुत्र्यामांजरांनासुद्धा ठाऊक आहे. ओढ्यातला मासा मी एकदा बैलगाडीत न मावणारा करून ठेवला होता, तो लोकांनी अजून विसरू दिलेला नाही. म्हणून आयुष्यात एकदा जे जसं घडलं तसं सांगायला उठले, तर मला पदर धरून बसवलं. ठीक आहे. कागद कुणाचा पदर ओढत नाही.

आमचं देऊळ म्हणजे चर्चच, पण वस्तीत सगळे त्याला देऊळ म्हणत. मातीच्या भिंती, वर पत्रे. उन्हाळ्यात ते पत्रे असे तापत की कोंबडी वर चढली तर अंडं उकडूनच खाली यायचं. घंटा नव्हती, लिंबाच्या झाडाला रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला होता, तो बाबा लोखंडी पहारेनं वाजवत. उपासनेच्या दिवशी पहिली घंटा आंघोळ करा म्हणून, दुसरी या म्हणून. पेटीची एक पट्टी उंदरांनी खाल्ली होती, त्यामुळं प्रत्येक गीतात एका ठिकाणी सूरच निघत नसे. मंडळीला त्याची इतकी सवय झाली की पुढं नवी पेटी आली तरी त्या जागी सगळे दम धरून थांबत. देवळाच्या अंगणापलीकडं आमच्या दोन खोल्या आणि एक ओसरी. घरात दिवसभर दोन आवाज असत. एक मायचा, आणि दुसरा मायला गप्प बसवायच्या प्रयत्नात असलेल्या देवाचा. जेवायला अंबाडीची भाजी, तुरीचं वरण, आणि ठेचा असा की खाणारा तिखटानं नाचत नाचत विहिरीपर्यंत जाऊन यायचा.

बाबा पाळक होते आणि त्यांना एक आजार होता: विश्वास ठेवण्याचा. ज्याला गावात कुणी उंबऱ्यावर उभं करत नसे, त्याच्या हातात बाबा काहीतरी सोपवून मोकळे. एका दारुड्याला त्यांनी सायकल दिली, आजाऱ्यांचे निरोप पोचवायला. सायकल चार दिवसांनी परत आली, सीट नव्हती. पण निरोप पोचले होते, असं बाबा हसत सांगायचे. कोंबड्या चोरणाऱ्या माणसाला त्यांनी देवळाची किल्ली दिली. त्यानं देवळातलं काही नेलं नाही, हे खरं. आमच्या कोंबड्या मात्र कमी होत गेल्या. असा सगळ्या दुनियेवर भरवसा, पण पोटच्या पोरीला मनुकांच्या डब्याची किल्ली नाही! परभणीहून काळ्या मनुका यायच्या, त्या भिजवून प्रभुभोजनाच्या प्याल्याचा रस व्हायचा, आणि तो डबा मायच्या कमरेच्या किल्लीत बंद. मी मनुका चोरते असं त्यांचं म्हणणं होतं. चोरत होतेच. पण म्हणून काय झालं?

प्याल्यासारखीच भाकरीचीही आमच्याकडं रीत होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी पाळकाच्या चुलीवर एकच ज्वारीची भाकर थापायची, सुपाएवढी, आणि तीच मोडून चाळीस माणसांनी खायची. शहरातल्या देवळात काय पाव-बिस्किटं देत असतील ती देवोत; आमचा प्रभू ज्वारी खायचा. मायची पाचही बोटं त्या भाकरीवर स्वच्छ उमटलेली असत. लहानपणी मला वाटायचं, ती प्रभूचीच बोटं आहेत.

मी सोळा वर्षांची असताना सगुणाआत्या मेलेली परत आली.

फुगवत नाही. मंडळीचे पंच होते शमुवेलकाका; त्यांच्या मिशा अशा की डोकं आत येण्याआधी मिशा दारातून आत यायच्या. सगुणाआत्या त्यांची धाकटी बहीण. अंगावर चट्टे उठले म्हणून नवऱ्यानं टाकलेली, मग दूरच्या महारोग्यांच्या दवाखान्यात पोचवलेली. चार-सहा वर्षं झाल्यावर काकांनी सांगितलं, सगुणा वारली. देवळात तिच्या नावानं स्मरणाची उपासना झाली, सगळे रडले, जेवण झालं, मीसुद्धा दोन भाकरी जास्त खाल्ल्या. आणि एका दुपारी ती बोरीला एसटीतून उतरून चालत आली. हातात पत्र्याची पेटी, पेटीत डॉक्टरांचा कागद: रोग बरा झाला आहे, आता कुणाला लागत नाही. काकांनी दार अर्धंच उघडलं.

"दादा, मी हाय. सगुणा."

"माझी भन मेली," काका म्हणाले.

"मंग मला पुरलं कुठं ते तरी दाव."

"हे बग, रूथ लग्नाला आलीय माझी. लोकाइला कळलं तर पोरगी घरात ऱ्हाईल. तुला काय लागंल ते देतो, पन जा."

"कागद हाय दादा माझ्यापशी."

"कागद काय, बकरी बी खाती." आणि दार लावलं.

तिथं अर्धी वस्ती उभी होती. मीही होते. एकजण पुढं झाला नाही. अजून ते आठवलं की माझ्या हातातलं भांडं पडतं. ज्यांच्या आज्यांना गावच्या विहिरीवर कुणीतरी वरून ओंजळीत पाणी ओतायची वाट बघत बसावं लागायचं, ज्यांनी त्या ओंजळीच्या रागानं ख्रिस्ताचं नाव घेतलं, ते हे लोक! दर रविवारी महारोग्याला हात लावून बरं करणाऱ्या प्रभूची गाणी बेंबीच्या देठापासून म्हणणारे! आणि खरी महारोगी, तीही बरी झालेली, दारात उभी राहिली तर सगळ्यांना अचानक आपापल्या म्हशी आठवल्या.

बाबांनी तिला आमच्या ओसरीवर आणलं. मायनं तोंडानं काही म्हटलं नाही, म्हणजे तिचा राग किती असेल ते समजा. फक्त एक पेला आणि एक ताटली वेगळी काढून बाहेरच्या खुंटीवर ठेवली. बाबांनी दुसऱ्या दिवशी त्याच पेल्यातून चहा पिऊन तो धुऊन आतल्या भांड्यांत मिसळून टाकला. माय आठ दिवस हाताला लागेल तो प्रत्येक पेला राखेनं घासत होती.

आणि मी? मी सगळ्यांत वाईट होते. आत्याच्या उजव्या हाताची बोटं पेरापर्यंत झिजलेली, डाव्या हाताचा अंगठा तेवढा धड. पण तिला बसून खायचं नव्हतं. ती दळायची, शेणानं सारवायची, आपल्यापुरती भाकर थापायची. तळहाताच्या कडेनं, मुठीनं, थप थप थप, लाडानं पाठीवर चापट्या माराव्यात तशी. मी नकला करण्यात पटाईत. विहिरीवर मैत्रिणींसमोर मुठी वळून हवेत भाकर थापून दाखवायची, आणि पोरी हसून घागरी सांडायच्या. त्या नकलेनं मी आठवडाभर वस्तीत राज्य केलं.

त्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी बाबा उपदेश संपवून म्हणाले, "पुढच्या रविवारी प्रभूच्या मेजाची भाकर सगुणाबाई थापतील."

पत्रा कडकडला की माणसं, कळलं नाही. शमुवेलकाका उठले. "पाळकसाहेब, दया करा, पन आमच्या तोंडात कशाला करायलाव?"

"दया करून माणूस ओसरीवरच राहतो, शमुवेलराव," बाबा म्हणाले. "काम सोपवलं तरच तो घरात येतो."

"ऱ्हाऊ द्या तुमचं. मी बी सांगतो. त्या भाकरीला माझ्या घरातल्या एकानं जरी हात लावला, तर मी ह्या मिशा काढीन. आन् कुनीच न्हाई लावला, तर मी परभणीला मिशनच्या साहेबाइकडं जानार. मंग तुमची बदली, आन् तिची पेटी एसटीवर."

आत्या तर बाबांच्या पाया पडली. "नका पाळकबाबा. लोक खायचे न्हाईत. आज निदान ओसरी हाय. ती गेली तर मी कुठं जाऊ? दवाखान्याच्या फाटकाशी वाडगं घिऊन?"

"खातील," बाबा म्हणाले. तेवढंच. मला त्या माणसाचा इतका राग आला! दुसऱ्याच्या आयुष्यावर असा खुशाल डाव लावतो आणि वर शांतपणे लेंग्याची नाडी बांधतो. आणि मग माझ्याकडं बघून म्हणाले, "ताट सुवार्ता आणेल."

सुवार्ता म्हणजे मी. आयुष्यात पहिल्यांदा बाबांनी माझ्यावर काही सोपवलं.

रविवारी पहाटेपासून माय चुलीकडं फिरकली नाही. लुगडं नेसून जाऊन देवळात बसली. मी जाळ घालत होते. आत्यानं पीठ मळलं, थापली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, निखाऱ्यावर फुगवली. तव्याच्या कडेला तिचा हात टेकला, चर्र झालं, तिला कळलंसुद्धा नाही. भाकर ताटात ठेवून तिनं वर पांढरं फडकं झाकलं आणि आंघोळीला गेली. पहिली घंटा झाली होती.

मी फडकं उचललं. एक बोट नाही त्या भाकरीवर. नुसते उंचवटे आणि खळगे. आणि माझ्या घशात काहीतरी येऊन बसलं. आता थोड्या वेळानं ही माझ्या तोंडात जाणार. पुढं जे केलं ते का केलं, हे आजवर मी कुणाला खरं सांगितलं नाही. मनातल्या मनात सांगतानासुद्धा बाबांची नोकरी वाचवायला केलं, आत्याचा आसरा टिकवायला केलं, असं सांगत आले. खोटं. मी माझ्या घशासाठी केलं. उरलेलं पीठ घेतलं, मळलं, आणि दोन्ही मुठी वळून थापायला बसले. थप थप थप. विहिरीवरची नक्कल कामाला आली. तव्यावर टाकली, फुगवली, फडक्याखाली सरकवली. खरी भाकर ज्वारीच्या कणगीत खोल खुपसली. दुसरी घंटा झाली. मी ताट डोक्याच्या उंचीवर धरून देवळात गेले, राणीसारखी.

बाबांनी भाकर मोडली, आधी स्वतः खाल्ली, आणि म्हणाले, "या." रीतीप्रमाणं एकेकानं पुढं येऊन गुडघे टेकायचे. कुणी उठेना. पेटी थांबली. पत्रे तापून टिकटिक करत होते. आत्या बायकांच्या बाजूला सगळ्यांच्या मागं, पोत्यावर, मान खाली घालून बसलेली. बाबांचा हात तसाच पुढं. इतका वेळ गेला, इतका, की बाबांच्या दाढीचे चार केस माझ्यासमोर पांढरे झाले.

मला मनातून हसू फुटत होतं. खा ना रे भित्र्यांनो, माझ्या हातची आहे!

आणि शमुवेलकाका उठले. मला वाटलं, चालले परभणीला. ते दाराकडं दोन पावलं गेले, थांबले, मागं बघितलं. आत्यानं मान वर केली नव्हती. मग तो पहाडासारखा माणूस मेजाजवळ आला, गुडघे टेकले, तुकडा घेतला. हातात धरून बघत राहिला. तुकड्यावर बोट नव्हतं. "प्रभू, माझी रूथ सांभाळ," म्हणाला आणि तोंडात टाकला. चावता चावता लहान पोरासारखा रडला. भाकरीचे कण मिशांत. मागून काकू आल्या, रूथ आली, मग रांगच लागली. एक म्हातारी डोळे मिटून आली आणि बाबांना तुकडा जिभेवर ठेवायला सांगितला. सगळ्यांत शेवटी माय उठली, क्विनाइन घेतल्यासारखं तोंड करून, पण गिळला तिनं. मीही खाल्ला. मला काय, माझीच भाकर.

आत्यानं तुकडा घेतला तेव्हा तो उलटापालटा केला. तिला बोटांनी काही कळत नसे, ती डोळ्यांनी चाचपायची. कड बघितली. मग माझ्याकडं बघितलं. आणि खाल्ला.

उपासना झाल्यावर मी मागल्या दारी ताट घासत होते. ती शेजारी येऊन बसली.

"सुवार्ते, माझी कुठं ठिवलीस?"

"काय?"

"भाकर. मी पलटायच्या आदी कडंनी अंगठा दाबत येते. तेवढाच हाय ना मला. तू दाबायचा इसरलीस."

मी म्हटलं, "तुमी काय बोलायलाव मला कळना."

"मुंग्या लागतील तिला. पत्र्यावर वाळीव, मंग ठिव." आणि उठून गेली. एवढंच.

संध्याकाळी काका बैलगाडी घेऊन आले आणि तिला पेटीसकट घरी घेऊन गेले. सोमवारी त्यांनी मिशा काढल्या. वरचा ओठ पहिल्यांदाच ऊन बघत होता. वस्तीतली लहान मुलं त्यांना ओळखेनात. कुणी हसलं नाही. मी एकटी हसले, आणि ते हसू चार दिवसांनी माझ्या तोंडावर आपटलं.

कारण चौथ्या दिवशी, दळता दळता, मला कळलं. त्या चाळीस माणसांना काय ठाऊक होतं? त्यांच्या लेखी ती सगुणाआत्याचीच भाकर. काकांनी पोरीचं लग्न पणाला लावून ती खाल्ली. मायनं मरायच्या तयारीनं खाल्ली. ज्यांना मी मनात भित्रे, ढोंगी, कोडगे म्हणत होते, त्या एकूणएक माणसांनी उडी मारली होती. त्या देवळात काठावर कोरडी उभी राहिलेली एकच होती. पाळकाची पोरगी. आणि बाबांनी जिच्यावर पहिल्यांदा विश्वास टाकला, तीही तीच.

मग माझा सगळा राग आत्यावर वळला. ही बोलत का नाही? थोबाडीत का मारत नाही? तिनं एक शब्द काढला असता तर वस्तीनं मला विहिरीत ढकललं असतं, आणि बरं झालं असतं. पण तिनं शब्द काढला तर काकांचं दारही पुन्हा बंद होणार, हे तिला आणि मला दोघींनाही कळत होतं. माझं पाप ती आपल्या डोक्यावर घेऊन आपल्याच भावाच्या घरी पाणी भरत होती. ती दिसली की मी दुसऱ्या गल्लीनं जायची. महिनाभर मी इतकं वाकडं चालले की माझ्या चपला एका बाजूनं झिजल्या.

पुढचा पहिला रविवार आला. आत्या आमच्या चुलीपुढं बसली, थापली, कडेनं अंगठा दाबत आली, माळेसारखा. भाजली, फडकं झाकलं. माय आता तिच्या शेजारी बसून जाळ घालत होती, हेही लिहिलं पाहिजे. माय म्हणाली, "आना वन्सं, मी नेते ताट."

"ऱ्हाऊ द्या वयनी. सुवार्ता नेईल. तिला ठाव हाय."

मायला आधी देवळात पाठवून आत्या तिच्या मागं निघाली. वळून बघितलं नाही. चुलीत जाळ होता, परातीत उरलेलं पीठ होतं, आणि मी एकटी. तिनं मुद्दाम पीठ उरवलं होतं, असं मी आजही छातीठोकपणे सांगते. अशी चीड आली मला! चोराच्या हातात किल्ली देऊन अशी निघून जाते ही बाई! रागानं मी ताट उचललं, रागानं अंगण ओलांडलं. आमच्या दारापासून देवळापर्यंत तीस पावलं, ती मला परभणीपर्यंत चालल्यासारखी वाटली. बाबांनी मोडली. माझ्या वाट्याला कडेचा तुकडा आला, अंगठ्याचा. खाल्ला. ज्वारीची भाकर होती. जरा करपलेली.

बाबांना मी हे कधी सांगितलं नाही. ते शेवटपर्यंत म्हणत, "बघितलंस? माणसं खातात." आणि मी मान हलवायची. आता ते नाहीत, काका नाहीत, माय नाही, आत्याही नाही. आता सांगायला कुणाची आडकाठी नाही, तर माझंच कुणी खरं मानत नाही. त्या टायवाल्या पोरालाही मांडवाबाहेर गाठून हे सगळं सांगितलं. म्हणतो, "आजी, फार छान दृष्टांत आहे." दृष्टांत!

तो अंगठ्याचा तुकडा खाल्ला, त्याच रविवारी दुपारी मी कणगीत हात घातला, वाळलेली भाकर पदराखाली घेतली आणि काकांच्या घरी गेले. आत्या मागच्या पडवीत तुरीचं वरण वाढून घेत होती. मी भाकर तिच्यासमोर ठेवली. ती पत्र्यासारखी वाजली. तिनं ती डोळ्यांनी चाचपली, कडेनं एक फेरा घेतला, आणि दुसरी वाटी ओढून तीत वरण ओतलं.

"दात हायत ना?"

मी मान हलवली. माझ्या तोंडून शब्द फुटेना, आणि हे ज्यांना मी माहीत आहे त्यांनी पुन्हा वाचावं.

तिनं भाकर माझ्याकडं सरकवली. "तूच मोड. माज्या हातानं न्हाई व्हायची."

मी दोन्ही हातांनी धरली आणि मोडली. असा कडाका निघाला की बोरीपर्यंत ऐकू गेला असेल. हे मी वाढवून सांगत नाही.